दळवी गार्डसाहेब आणि तीस चिकू

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मला अजून नीट कळत नाही, आणि अक्षर असं की किराणा दुकानदार माझी यादी मलाच वाचायला लावतो. हात दिवसभर मातीत आणि सुरीवर असतो, पेन धरलं की बोटं आखडतात. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी उद्या कोणाच्या हाती लागलीच, तर शुद्धलेखनासाठी आत्ताच माफी मागून ठेवते. अक्षर चुकेल, पण माणूस जसा होता तसाच लिहीन.

दळवी गार्डसाहेब कर्जतच्या बाग मंडळाचे चिटणीस होते. सगळी नोकरी मालगाडीवर गार्ड म्हणून घाटात वर-खाली करण्यात गेली. निवृत्त झाले तरी पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट आणि मनगटावरचं घड्याळ सुटलं नाही. पॅन्टचे खिसे मात्र बियांनी भरलेले. काकू म्हणायच्या, "ह्यांची पॅन्ट धुवायला टाकली की मोरीत भेंडी उगवते."

घराच्या पायऱ्यांवर त्यांच्या कुंड्या होत्या. त्या घाटातल्या स्टेशनांच्या क्रमाने लावलेल्या आणि नावंही तीच. खालच्या पायरीवर पळसदरी, मग जामब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल, अगदी वर खंडाळा आणि लोणावळा. आतून ओरडायचे, "अगं, ठाकूरवाडीला पाणी घातलं का?" काकू म्हणायच्या, "घातलं. तुमच्या मंकी हिलला मावा लागलाय, ते आधी बघा." नवा माणूस दारात आला तर चक्रावून जायचा.

मंडळाचं काम म्हणजे वर्षाला बारा भाषणं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी साडेचारला, शाळेच्या हॉलमध्ये. एप्रिल उजाडायच्या आत गार्डसाहेब एक पिवळं कार्ड छापून घ्यायचे. त्यावर बारा महिने, बारा पाहुणे, बारा विषय. शेलूच्या नव्या इमारतींतल्या बाल्कनीवाल्या बायकांपासून खालापूरच्या बंगलेवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या फ्रीजवर ते कार्ड चिकटवलेलं असायचं. पाहुणा मोठा असला पाहिजे असं त्यांना वाटायचं नाही. एकदा मधमाश्यांवर बोलायला त्यांनी पोस्टमन आणला, कारण वीस वर्षं दारोदार फिरून कुठल्या घराच्या वळचणीला पोळं बसतं ते त्याला तोंडपाठ होतं.

वेळ म्हणजे वेळ. साडेचार झाले की दार लावायचे आणि हिरवा झेंडा दाखवायचे. खरा, रेल्वेचा. एकदा पुण्याहून गुलाबाचे जाणकार यायचे होते, ते घाटात अडकले. गार्डसाहेब स्वतः उभे राहून गुलाबावर बोलायला लागले. पाहुणे वीस मिनिटांनी धापा टाकत आत आले, तर म्हणाले, "या या, गाडी वेळेवर सोडलीय, इंजिन आता जोडतो." लाल झेंडाही होता. उद्घाटनाला आलेले एक पुढारी झाडांचा विषय सोडून स्वतःच्या कामांवर अर्धा तास बोलले, तेव्हा गार्डसाहेब उठले, त्यांच्यासमोर लाल झेंडा धरून नुसते उभे राहिले. पुढारी म्हणाले, "हे काय?" हे म्हणाले, "पुढे लाइन नाय साहेब."

मला सगळ्यांत आवडायचं ते पानांचं ताट. दाराजवळ एक स्टीलचं ताट ठेवलेलं असायचं. ज्याच्या झाडाला काही झालंय त्याने त्याचं आजारी पान आणून त्यात ठेवायचं. नाव नाही, चिठ्ठी नाही. भाषण झालं की पाहुणा एकेक पान उचलून हे काय आहे आणि काय करायचं ते सांगायचा. गार्डसाहेब म्हणायचे, "चारचौघांत हात वर करायला माणूस लाजतो. पान लाजत नाय." मी दोनदा पान ठेवलं आणि दोनदा उत्तर मिळालं. तोंड उघडावं लागलं नाही.

मी तिथे कशी, ते सांगते. कर्जत-खोपोली रस्त्यावर एका नर्सरीत मी कलमं बांधते. भाषणानंतर विकायला शेठ माझ्याबरोबर रोपांचा क्रेट पाठवायचे. मी दाराशी, चपलांच्या बाजूला बसायची आणि तिथूनच ऐकायची. त्या नर्सरीत एक सवलत होती. उरलेले खुंट, म्हणजे ज्यांच्यावर कलम बांधतात ती रोपटी, आम्हा बायकांना मिळायचे. रविवारी त्यांच्यावर कलमं बांधा आणि तुमची तुम्ही विका. मी चिकूची तीस कलमं बांधली. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर करतात. मुळं खिरणीची, वरची काडी चिकूची. गार्डसाहेबांनी ती पाहिली, सांधा बोटाने चाचपला आणि सभेत उभे राहून म्हणाले, "सुमनची कलमं. माझ्या शब्दावर घ्या." दोनशे रुपयांना एक, अशी तीसच्या तीस तिथेच गेली. एक त्यांनी स्वतः घेतलं. आलेल्या सहा हजारांत मी स्वयंपाकघरावर पत्रे घातले.

रोपं देताना एक गोष्ट सांगायची असते. सांध्याच्या खालून फूट आली की ती लगेच कापायची. ती चिकूची नसते, खिरणीची असते. ठेवली तर सगळा जोर तीच खाते आणि वरचा चिकू मरतो. मी हे एकालाही सांगितलं नाही. माणसं भराभर येत होती, पैसे देत होती, आणि मी खाली बघून "हं, हं" करत होते.

तरी पुढे एक संधी आली होती. दोन महिन्यांनी पाहुणा आलाच नाही, म्हणून गार्डसाहेब स्वतः बोलले. ताटात कसलंच पान नव्हतं, पण कडावचे भोईर, ते दूधवाले, उठून म्हणाले, "दळवी, त्या चिकूला खालून मस्त फूट आलीय. काय करू रं तिचं?"

गार्डसाहेब खूश झाले. म्हणाले, "झाड तुझ्यावर राजी हाय भोईर! नव्या फुटीला कोणी हात लावायचा नाय. उलट वरची म्हातारी काडी रेंगाळत असेल तर ती छाटून टाका. माझ्याकडे मी तेच केलं."

मी अर्धी उठले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय गं सुमन? रोपं संपली?"

मी म्हणाले, "संपली."

आणि खाली बसले.

पुढे दर महिन्याला मी ठरवायची की आज सांगायचं. घरून निघताना वाक्य पाठ करून निघायची. हॉलच्या पायऱ्या चढेपर्यंत ते विसरायची. गार्डसाहेबांसारख्या माणसाला, सगळ्यांसमोर, चौथी शिकलेल्या बाईने चुकलात म्हणायचं? कोणीतरी सांगेल, असं म्हणत मी दोन वर्षं काढली. कोणी सांगितलं नाही. भोईरांना भातातलं आणि म्हशीतलं सगळं कळतं, पण कलमाचं नाही. बाकीची तर बाल्कनीत मनी प्लांट लावणारी माणसं.

मग ऑक्टोबरात कशेळ्याच्या वरच्या वाडीतले बुधाजी पाहुणे म्हणून आले. विषय होता डोंगरातली फळं. त्यांचं भाषण सात मिनिटांत संपलं, पण लोक तासभर विचारत राहिले. शेवटी त्यांनी ताटाकडे बघितलं. ताटात एकोणीस पानं होती आणि सगळी सारखी. चिकू का धरत नाही, हा सगळ्यांचा एकच प्रश्न.

बुधाजींनी एक पान उचललं, उलटं केलं. "ही तर रांजणी. आमच्या डोंगरात हाय." खिरणीलाच ते रांजणी म्हणत होते.

शेलूच्या पाटकर बाई म्हणाल्या, "काका, चिकूचं पान आहे ते."

"नाय बाय. चिकूचं पान पुढे निमुळतं. याच्या टोकाला खाच बघ. रांजणीच ही."

पाटकर बाईंचा आवाज चढला. "म्हणजे चिकू म्हणून आम्हाला जंगली झाडं विकली?"

"टोपी घातली रं सगळ्यांना!" भोईर म्हणाले. "दोन वर्षं शेण घालतोय मी त्याला. माझ्या म्हशीचं शेण!"

सगळी डोकी दाराकडे वळली. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की कलमं खरी होती. तेही न सांगता मी उठून पळाले. रिक्षात बसल्यावर बघितलं तर एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्या पायात कोणाची तरी निळ्या पट्ट्याची.

पुढचं मला नंतर काकूंनी सांगितलं. गार्डसाहेबांनी लाल झेंडा उघडून सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, "माझ्या शब्दावर घेतलीत. पैसे मी देतो. तिला कोणी काही बोलायचं नाय." नोव्हेंबरच्या सभेत त्यांनी एकोणतीस जणांना दोनशे-दोनशे परत केले. स्वतःचे दोनशेही त्यांनी बुडीत धरले.

पण बोलायचं ते लोक बोललेच. बातमी शेठपर्यंत गेली. शेठ वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "सुमन, माझ्या नर्सरीचं नाव आहे. हे मिटेपर्यंत सुरी खाली ठेव. पिशव्या भर." मला बारा वर्षं सुरीचा हात होता. कलम बांधणारणीची मजुरी वेगळी आणि पिशव्या भरणारीची वेगळी. पण मजुरीपेक्षा बाजूच्या बायका माझ्याकडे बघायचं टाळायच्या, ते जास्त लागायचं. एकीने विचारलंसुद्धा, "खरंच गं, तुला काय कमी पडलं होतं?"

नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी गार्डसाहेब नर्सरीत आले. हातात कापडी पिशवी. मी मातीच्या ढिगाजवळ होते, तिथेच उभी राहिले. त्यांनी पिशवीतून माझी चप्पल काढली, मातीवर ठेवली आणि म्हणाले, "ही तुझी. आता पाटकर बाईंची दे. ती बाई महिनाभर मला छळतेय, म्हणते झाडं खोटी दिली ते दिली, वर चप्पलही नेली."

मला हसू आलं आणि लगेच रडू.

"रडू नको. मी भांडायला नाय आलो." ते पिशव्यांच्या चवडीवर बसले. "पस्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात उभा राहिलोय मी. दोन डब्यांमधलं कपलिंग खरं की खोटं ते हात लावून कळतं. तुझा सांधा मी बोटाने बघितला होता, तो खरा होता. मग खिरणी आली कुठून, ते सांग."

मी खाली बघून सगळं सांगितलं. खालची फूट कापायची असते, ती खिरणीची असते, वरची काडी चिकूची असते. आणि शेवटी, कसं बाहेर पडलं कोण जाणे, म्हणाले, "साहेब, तुमीच सांगितलंत फूट ठेवा म्हणून. वरची काडी छाटा म्हणून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तू तेव्हा होतीस तिथे?"

"होते."

"मग बोलली का नाय गं?"

"तुमी बोलत होतात."

यावर ते हसले. मोठ्याने, शेठ ऑफिसातून बाहेर येईपर्यंत हसले. मग शेठला म्हणाले, "हिच्या हातात सुरी द्या. चूक माझी हाय, मी सभेत सांगतो." आणि डिसेंबरच्या सभेत त्यांनी सांगितलंही. उभे राहिले, स्वतःच्या छातीसमोर लाल झेंडा धरला आणि म्हणाले, "मंडळी, सिग्नल मीच चुकीचा दिला. कलमं अस्सल होती. तुमचे चिकू मी मारले." पाटकर बाई म्हणाल्या, "मग आता चप्पल तरी मिळेल ना?" सगळा हॉल हसला, आणि दाराशी बसलेली मीसुद्धा.

मरायचे ते चिकू मेले होते, पण सगळे नाही. पुढचे चार रविवार गार्डसाहेब मला स्कूटरवर मागे बसवून घरोघर फिरले. काकू सांगायच्या, "हळू चालवा, ती पोर कलम बांधते, तिचे हात मोडू नका." प्रत्येक घरी मी गुडघ्यावर बसायची, सांधा शोधायची, खालची खिरणी बुडापासून कापायची. कुठे कुठे वर बोटभर चिकू जिवंत असायचा, चार निमुळती पानं धरून बसलेला. तो दिसला की गार्डसाहेब मागून ओरडायचे, "हाय, हाय! श्वास चालू हाय!" भोईरांचा जिवंत निघाला. पाटकर बाईंचा ड्रममधलाही निघाला. त्यांनी मला चहा दिला आणि कपाबरोबर बशी दिली. तीसपैकी एकवीस वाचले. उरलेल्या आठ जणांना मी पुढच्या पावसाळ्यात नवी कलमं दिली.

तिसावं गार्डसाहेबांचं. त्यांनी वरची काडी स्वतःच छाटली होती, तिथे चिकू असायचा प्रश्नच नव्हता. नुसती खिरणी, डोक्याएवढी उंच, हिरवीगार. मी म्हणाले, "हिच्यावर परत कलम बांधते साहेब." ते म्हणाले, "राहू दे. माझी चूक हाय ती, तिला पाणी मीच घालतो." काकू आतून म्हणाल्या, "घाला. बाकी चुकांना कुठे जागा उरलीय अंगणात?"

राहिले ते सहा हजार. कलमांचे पैसे मी घेतले होते आणि ते माझ्या डोक्यावर पत्रे होऊन बसले होते. तेवढेच पैसे गार्डसाहेबांच्या पेन्शनमधून गेले. मी म्हणाले, मी देणार. ते म्हणाले, "चूक माझी." मी म्हणाले, "मला माहीत असून मी गप्प बसले, ती कोणाची?" ते ऐकेनात. लोकांनीही परत द्यायची गोष्ट काढली, तर म्हणाले, दिलेलं तिकीट मी परत घेत नाही. पाऊस आला की पत्र्यांवर आवाज व्हायचा आणि मला ते पैसेच वाजल्यासारखे वाटायचे.

मार्चमध्ये नवं पिवळं कार्ड आलं. मे महिन्यासमोर माझं नाव होतं. सौ. सुमन, विषय: कलम लावल्यावर काय करावं. मी कार्ड घेऊन त्यांच्या घरी गेले. इतकी रागावले होते की पायऱ्यांवर न थांबता बोलले.

"मला विचारलंत का? मला बोलता येत नाय."

"मला बोललीस ना नर्सरीत. तेवढंच बोल."

"नाय."

"छापून झालंय गं. गाडी रद्द नाय होत."

मग मला एकदम सुचलं. म्हणाले, "पैसे घेणार असाल तर बोलते. दर सभेला पाचशे. नाहीतर मे महिन्यात तुमी एकटेच उभे रहा."

काकू दारात होत्या. त्यांनी टाळी वाजवली. "आता कशी जिरली! घ्या, घ्या म्हणते ती."

गार्डसाहेबांनी लोणावळ्याच्या कुंडीतलं एक सुकलं पान तोडलं, खिशात टाकलं आणि म्हणाले, "बरं. पण भाषण पूर्ण झालं पाहिजे."

भाषण झालं म्हणजे काय, सांगते. मी टेबलामागे उभी राहिले, पुढे एक कलम आणि सुरी. साडेचार झाले, हिरवा झेंडा हलला, आणि मी नुसती सुरी पुसत राहिले. साठ-सत्तर माणसं समोर. गार्डसाहेबांनी थोडा वेळ वाट बघितली. मग माझ्या बाजूला येऊन उभे राहिले आणि एखाद्या अडाण्यासारखं विचारायला लागले. "बाई, ही खालची फूट छान दिसतेय. ठेवू ना?"

"नाय!" मी ओरडलेच.

"का गं? किती ताजी हाय."

"ती खिरणी हाय! कापा!" आणि मी ती कापली.

"मग वरची ही म्हातारी काडी छाटू?"

"हात लावाल तर बघा!"

हॉलमध्ये हशा पिकला. त्यांनी आणखी चुकीचं विचारलं, मी आणखी चिडून सांगितलं. सांध्यावरची पट्टी कधी सोडायची, आधाराची काठी कुठे रोवायची, पाणी किती. अर्धा तास गेला तेव्हा मला कळलं की ते कधीच जाऊन पहिल्या रांगेत बसलेत आणि मी एकटीच बोलतेय. त्या रात्री मी शांत झोपले. किती महिन्यांनी, ते आठवत नाही.

पैसे मी एप्रिलच्या सभेपासूनच ठरल्याप्रमाणे देत गेले. सभा सुटली की पाचशेची नोट. ते दर वेळी नोट घेताना तोंड वाकडं करायचे, जसं काही मी कडू काढा पाजतेय. श्रावणात माझ्या मुलीच्या आजारपणामुळे जमलं नाही, ते दिवाळीनंतर दोन नोटा देऊन भरले. हिवाळ्यात त्यांचे गुडघे बसले. मुलगा नाशिकला, तो म्हणाला, इथल्या ओलीत राहू नका. जानेवारीत जायचं ठरलं. तरी मार्चची सभा होईपर्यंत ते हलले नाहीत. कार्डावरचे बाराही पाहुणे पार पाडले, पुढच्या वर्षाचं कार्ड पाटकर बाईंच्या हाती दिलं आणि दुसऱ्या दिवशी टेंपो बोलावला.

मार्चच्या सभेत माझ्याकडे नोट नव्हती. शेठकडून मजुरी सोमवारी मिळायची होती. म्हणून सोमवारी सकाळी मी त्यांच्या घरी पळत गेले. टेंपोत कपाट चढलं होतं, कुंड्या मागे रांगेत होत्या. गार्डसाहेब पुढच्या सीटवर बसलेले, पांढऱ्या शर्टात, आणि ड्रायव्हरला म्हणत होते, "नऊ दहाला निघायचं म्हणजे नऊ दहाला."

मी खिडकीतून नोट पुढे केली.

"अगं राहू दे आता."

"शेवटची हाय साहेब."

पलीकडून काकू म्हणाल्या, "घ्या हो. ती धावत आलीय, तिला उभी नका ठेवू."

त्यांनी नोट घेतली. या वेळी तोंड वाकडं केलं नाही. घडी करून काकूंच्या हातात दिली आणि म्हणाले, "वाटेत चहाला."

"पाचशेचा चहा?" काकू म्हणाल्या.

त्यांनी घड्याळ बघितलं, ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. टेंपो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी उभी राहिले. सहा हजार पुरे फिटले होते. मग मी नर्सरीत गेले आणि सुरीला धार लावली.